घरच्या कॉम्प्युटरवर बरोबर आलेलं

हेमू,

तुझ्या शोकसभेत मी जे रडले ते मला परत पाहिजे. फुकट गेलं. आपटेकाकांनी माईक हातात घेऊन "मंडळाचा आधारस्तंभ कोसळला" म्हटलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि मी, तुझी सख्खी मोठी बहीण, ठाण्यात आपल्या कोपरीतल्या त्या हॉलमध्ये हमसून हमसून रडले. कुणीतरी पाणी आणून दिलं. त्यानंतर आठवडाभरात तुझी करणी बाहेर आली. आता कुणी "किती गुणी भाऊ होता हो तुमचा" म्हणालं की माझ्या अंगाची लाही लाही होते, आणि वर मान डोलवावी लागते ती वेगळीच.

मला तुझ्याशी भांडायचंय. वृंदावरून. तू होतास तोवर हा विषय काढायची सोय नव्हती. काढला की तू उठून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायचास आणि माझ्याकडे पाठ करायचास. आता कुठे जातोस ते बघते.

सुरुवात तुझ्या लाडक्या वेबसाइटपासून करू. आईने सुरू केलेलं वधूवर सूचक मंडळ. ती गेल्यावर तिच्या फायली माझ्याकडे आल्या आणि तू म्हणालास, ताई, हे सगळं वेबवर टाकतो. फॉर्म भरला की स्थळं दिसतील, जन्मतारीख आणि जन्मवेळ टाकली की पत्रिका आपोआप निघेल, दोन नावं निवडली की जुळतंय का ते यंत्रच सांगेल. मला कौतुक वाटलेलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. दिवसभर कंपनीत अकाउंट्स बघणारा माणूस घरी येऊन ग्रहांची गणितं करायचा.

पण जागा घेतलीस ती शेअर्ड होस्टिंगची. मी विचारलं, हे काय असतं? तू म्हणालास, चाळ समज. सर्व्हर एक, भाडेकरू शंभर. खोली आपली, पण टाकीची किल्ली मालकाकडे. त्या किल्लीला रूट म्हणतात आणि ती आपल्याला मिळत नाही. म्हणजे आपल्या मनाला येईल ते सॉफ्टवेअर तिथे बसवता येत नाही, मालकाने जे बसवलंय त्यात भागवायचं. तुझा तो पत्रिकेचा प्रोग्रॅम त्यांच्याकडे नव्हता. बसवायला गेलास तर स्क्रीनवर "परमिशन डिनाइड". दुसरा माणूस वैतागला असता, तू बाह्या सरसावल्यास. तुला कुणी नाही म्हटलं की तुझ्या अंगात यायचं.

मी सांगितलेलं, अरे, त्यांच्या सपोर्टवाल्यांना विचार ना, एक मेल टाक. तू माझ्याकडे असं बघितलंस की जसं काही मी सत्यनारायणाच्या शिऱ्यात अंडं फोडायला सांगितलंय. "त्यांना काय विचारायचं? त्यांना मी शिकवीन." मग तू तो प्रोग्रॅम घरी बांधलास, जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. आपण दोघं ओट्यापाशी उभं राहून जेवायचो. त्याला लागणाऱ्या बारीकसारीक फायली गोळा केल्यास, त्या आपल्या भाड्याच्या फोल्डरमध्ये चढवल्यास, कुठली फाइल कुठे सापडेल ते त्याला दाखवून दिलंस, आणि मालकाला न विचारता मालकाच्या नाकाखाली तो चालू केलास. त्या संध्याकाळी स्टेशनजवळून जिलबी आणलीस, आईच्या फोटोपुढे ठेवलीस आणि म्हणालास, "रूट नसताना केलं, ताई. रूट नसताना." कसला फुललेलास! मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ झालेले.

चढवायच्या आधी तपासलंस? तपासलंस ना, मी डोळ्यांनी बघितलंय. गुरुजींनी हाताने काढलेली तुझी पत्रिका, माझी, आईची. सगळ्यांच्या जन्मवेळा टाकून बघितल्यास आणि नक्षत्र, चरण, नाड, सगळं तंतोतंत आलं. घरच्या कॉम्प्युटरवर. वर चढवल्यावर तिथे एकदा बघावं हे काही तुझ्या मनात आलं नाही. चुका लोक करतात, तू थोडाच करतोस.

वृंदा आपल्याकडे पहिल्यांदा आली ती स्वतःसाठी नाही. तिकडे कोपर स्टेशनजवळ राहायची, ठाण्यात बँकेत होती, धाकट्या बहिणीचं नाव नोंदवायला आलेली. तू फॉर्म भरून घेतलास, आणि मग दर शनिवारी त्या फॉर्मात काही ना काही दुरुस्ती निघायला लागली. बहिणीचं लग्न होऊन गेलं तरी वृंदा येतच राहिली. इस्त्री कुठल्या कपाटात असते हे ज्याला माहीत नव्हतं तो शनिवारी शर्टाला इस्त्री करायला लागला. एकदा तलावपाळीला तुम्ही दोघं भेळ खाताना मला दिसलात. ती बोलत होती आणि तू ऐकत होतास. तू! ऐकत होतास! मी रिक्षा थांबवली नाही, तशीच घरी आले आणि देवापुढे साखर ठेवली.

मग तू तिचं नाव साइटवर टाकलंस. तिची पत्रिका कधी काढलेलीच नव्हती, वडिलांचा विश्वास नव्हता त्यावर. जन्मवेळ तेवढी माहीत होती, सकाळची. तुझ्या यंत्राने पत्रिका काढली, तुझ्या पत्रिकेशी लावून बघितली आणि सांगितलं, एकनाड. दोघांची नाड एक, लग्न करू नये.

मी हसले. अरे, मंडळ चालवतो आपण, आपल्याला तरी कळायला नको? पत्रिका जुळत नाही म्हणजे काय असतं? मुलगी सावळी वाटली, मुलगा टकला निघाला, सासूचं तोंड वाईट आहे असं कानावर आलं, आणि हे कुणाच्या तोंडावर सांगायचं नाहीये. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अख्खी दुनिया सभ्यपणे नाही म्हणायला पत्रिका वापरते. मी म्हटलं, गुंडाळून ठेव ते आणि लग्न कर. तू म्हणालास, "लोकांना जे सांगतो ते मलाच लागू नाही का? मग साइट कशाला चालवायची?" मी म्हटलं, साइट गेली खड्ड्यात. तू ताटावरून उठलास.

तुझा ग्रहांवर विश्वास नव्हता रे. संकष्टीला ऑम्लेट खाणारा माणूस तू. तुझा विश्वास होता तू बांधलेल्या यंत्रावर. कुणालाही न विचारता केलेलं तेवढंच तुझं होतं, आणि ते खोटं ठरलेलं तुला सोसलं नसतं. वृंदा गेलेली सोसली.

त्यानंतर तू एकही स्थळ बघितलं नाहीस. तिचं लग्न होतं त्या दिवशी तू ताप आला म्हणून पांघरूण घेऊन पडलेलास. थर्मामीटर मी लावलेला, ताप-बीप काही नव्हतं. पुढे कित्येक वर्षं शनिवारी तुझा शर्ट इस्त्रीचा असायचा, जायचं कुठेच नसायचं. तुझं तिच्यावर प्रेम होतं हे जगात मला एकटीला माहीत आहे. तू ना तिला सांगितलंस, ना मित्राला, ना कुणाला. माझ्या भरवशावर टाकून गेलास.

मेलास तेसुद्धा तसंच. छातीत जळजळतंय म्हणालास. मी म्हटलं, डॉक्टरना दाखवून येऊ. तू मोबाइलवर काहीतरी वाचलंस आणि निकाल दिलास, ॲसिडिटी आहे. डॉक्टरना तरी काय विचारायचं, त्यांनाही तू शिकवणार असशील. नंतर ते मला म्हणाले, आदल्या दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मी त्यांना सांगितलं, तो कुणाला विचारत नसतो. जन्मभर तुला उठताबसता मेल्या म्हणत आले, आता तीही सोय ठेवली नाहीस.

एक कबूल करते. माझा नवरा गेल्यावर मी बॅग घेऊन कोपरीला आले, तेव्हाही तू काही विचारलं नाहीस. किती दिवस राहणार, सासरचे काय म्हणाले, काही नाही. आपली खाट उचलून बाहेरच्या खोलीत टाकलीस आणि आतली खोली मला झाडून दिलीस. सकाळी चहा करताना एक कप जास्त टाकलास, बस. तुझ्या त्या न विचारण्यावर मी इतकी वर्षं जगले. म्हणून तर जास्त राग येतो.

तू गेल्यावर होस्टिंगवाल्यांचा मेल आला की जुना सर्व्हर बंद होतोय, सगळ्यांना नव्यावर हलवणार. हलवलं आणि तुझा प्रोग्रॅम उताणा पडला. मला त्यातलं काय कळतंय? मी कल्याणहून रूपालीला बोलावलं. आपल्या आत्याची सून, तीच, जिच्या लग्नात मठ्ठा संपला म्हणून तू तमाशा केलेलास. ती दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळते. आली, तुझ्या खुर्चीत बसली आणि सपोर्टला मेल टाकला. माझा चहा उकळेपर्यंत उत्तर आलं: तुम्हाला हवं ते चालू करून दिलं आहे, यापुढे काही लागलं तर कळवा. चहा उकळेपर्यंत, हेमू. किती रविवार घातलेस रे त्यात!

रूपालीने सगळं नव्याने बसवलं आणि खात्री करायला साइटवरच्या काही जणांच्या पत्रिका परत काढल्या. जुन्याशी जुळेनात. "ताई, ह्या लोकांचं नक्षत्र वेगळंच येतंय." मी तिच्यावर उखडले. म्हटलं, तूच काहीतरी घोळ घातलायस, माझ्या भावाने सगळं तपासून घेतलेलं. हो, तुझी बाजू घेतली मी. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, तुमची जन्मवेळ सांगा. नव्या प्रोग्रॅमने माझी पत्रिका गुरुजींनी काढलेली तशीच्या तशी काढली. मग तिने तुझा प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर चालायचा तसा चालवून दाखवला, आणि मी दुसऱ्याच नक्षत्रावर जन्मले.

तिने मला समजावलं ते मी तुला समजावते, दीडशहाण्या, ऐक. जन्मवेळ दिली की ती कुठल्या देशातली हे तुझा प्रोग्रॅम स्वतः ठरवत नव्हता. ज्या यंत्रावर बसलाय त्याच्या घड्याळाला विचारत होता. जेवणाच्या टेबलावरचं घड्याळ भारताचं, म्हणून इथे सगळं बरोबर आलं. सर्व्हर होता अमेरिकेत. तिथे त्याला वाटलं, ही सगळी मुलं अमेरिकेतच जन्मली. जवळजवळ अर्ध्या दिवसाचा फरक. सकाळी जन्मलेली वृंदा तुझ्याकडे संध्याकाळी जन्मली, तेवढ्यात चंद्र पुढच्या नक्षत्रात गेला, नक्षत्राबरोबर नाड बदलली. एकनाड कुठली, मुळात नव्हतीच.

मी रूपालीला विचारलं, ते घड्याळ बदलायला रूटची किल्ली लागत असेल ना गं? हो म्हणाली असती तर मी तुला तिथल्या तिथे माफ करणार होते. ती म्हणाली, "अख्ख्या सर्व्हरचं बदलायला लागते. आपल्या फोल्डरपुरतं सांगायला काय लागतंय? एक ओळ लिहायची." आणि तुला ते घड्याळ माहीत होतं रे! मंडळाच्या मेलवर कालची तारीख पडते म्हणून हसलेलास तू, आणि तेवढं दुरुस्त केलेलंस. मेलवरची तारीख सुधारलीस. माणसांच्या जन्मवेळा राहू दिल्यास.

ज्यांच्याकडे हाताने काढलेली पत्रिका होती त्यांनी ती बघून भरलेली, ते वाचले. ज्यांच्याकडे नव्हती ते तुझ्या तावडीत सापडले. मोबाइलवर वेगळं नक्षत्र दाखवतंय म्हणून काहींनी फोनही केलेले. तू काय सांगायचास? "फुकटच्या ॲपवर विश्वास ठेवू नका." आणि ती माणसं ठेवायची नाहीत. तुझा आवाज एवढा खात्रीचा असायचा.

आपटेकाका म्हणाले, "शुभा, गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढायचं? लग्नं झाली, पोरंबाळं झाली." मी म्हटलं, ज्यांची झाली नाहीत त्यांना काय सांगू? ज्यांची ज्यांची पत्रिका यंत्राने काढलेली त्या सगळ्यांना मी मेल पाठवला. काका म्हणत होते, तांत्रिक कारणामुळे असं लिही. मी तुझं नाव लिहिलं. तांत्रिक कारणाने इस्त्रीचे शर्ट घातले नव्हते, तांत्रिक कारणाच्या फोटोला हार घातला नव्हता. चूक हेमंतची, त्याची बहीण म्हणून मी माफी मागते, असं स्वच्छ लिहिलं.

मेल वृंदालाही गेला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल दार उघडलं तर ती उभी.

थोडी भरलीये. केस पिकलेत, रंगवत नाही, शोभतात तिला. तुझ्या फोटोला हात जोडले, जेवढे जोडायला हवेत तेवढेच. मी चहा टाकला. मुलगा दहावीला आहे म्हणाली. नवरा रोज तिला कोपर स्टेशनला स्कूटरवरून सोडतो आणि वाटेत डब्यात काय दिलंय ते विचारून डोकं खातो, म्हणाली. सुखात आहे रे. दाखवायला नाही, खरंच. मला कळतं, जन्म गेला माझा जोडपी बघण्यात.

मग म्हणाली, "ताई, मेल वाचला. मला ते तेव्हाच माहीत होतं."

मी कप खाली ठेवला.

"माझे मामा पत्रिका बघायचे, कल्याणला. बाबांना न सांगता त्यांच्याकडून काढून घेतलेली मी. नाड वेगळी येत होती. हेमंतला नेऊन दाखवली. त्याने बघितली, घडी घातली, परत दिली. म्हणाला, हाताने काढलेल्यात चुका असतात. मी म्हटलं, निदान एकदा परत करून तर बघ. तर म्हणे, मी तपासलंय."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. हातात दिलेली तिने, हेमू! घरी येऊन टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तिची वेळ टाकली असतीस तर बरोबर आलं असतं. इथे बरोबरच यायचं. पण पुन्हा बघायचं म्हणजे आपलं चुकलेलं असू शकतं असं मानायचं, आणि तेवढं वृंदासाठीसुद्धा तुझ्याच्याने झालं नाही.

"म्हणून मग मी मागे लागले नाही," वृंदा सांगत होती. "पत्रिकेचं कारण लोक कशासाठी देतात ते मला काय कळत नव्हतं? म्हटलं, नकोय मी त्याला, तोंडावर बोलवत नाहीये. खूप लागलं तेव्हा. मग हळूहळू गेलं." तिने कपाची कडा पुसली. "पण तुमचा मेल वाचला आणि वाटलं, खरंच तेवढंच होतं की काय? मशीनचं? ह्यांना सांगूनच आलेय, एकदा ताईंना विचारून येते म्हणून. खरं सांगा हं. त्याला मी नको होते ना?"

सगळं माझ्या ओठांवर आलेलं. न आलेला ताप, कुठेच न जाणारे शनिवार, सगळं. एक वाक्य आणि तुझं काम झालं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली होती, आणि कुठल्या उत्तराला घाबरली होती ते मला दिसलं. नको होते, हे उत्तर तिने कधीच गिळलेलं, त्यावर संसार उभा केलेला. दुसरं उत्तर घेऊन ती घरी जाऊन त्या स्कूटरवर कशी बसली असती?

तिची दया आली, हे झालं एक कारण. तुझ्याशी खोटं बोलून आता मला काय मिळणार आहे, म्हणून दुसरंही सांगते. मला तुला शिक्षा करायची होती. एवढी मोठी की तुला उठून बसता आलं असतं तर बसला असतास.

"हो गं," मी म्हटलं. "नको होतीस तू त्याला. मशीनचं निमित्त मिळालं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती त्याच्यात."

वृंदाने श्वास सोडला. "वाटलंच मला," म्हणाली आणि हसली. किती हलकी झाली, तू बघायला हवं होतंस. उरलेला चहा प्यायली, मगाशी नको म्हटलेलं बिस्किट घेतलं, नवऱ्याला फोन करून निघतेय म्हणून सांगितलं. दारात चपला घालताना म्हणाली, "बरं झालं आले. सुटले एकदाची."

तिचे पाय जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी दारात उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. मारली नाही. तुझं तिच्यावर प्रेम होतं, हेमू. आता ते फक्त माझ्यापाशी आहे, मी साठी ओलांडलेली बाई आहे, आणि मी ते कुणाला सांगणार नाही.